मेंदूंतील जगण्याचा निरोप



एके दिवशीं सकाळीं आठाच्या सुमारास माझ्या थोरल्या बंधूंच्या उजव्या हातांतून चहाची कपबशी निसटली आणि त्यांचे शब्द तोंडांतच घोळूं लागले. "रात्रीं हात अंगाखालीं आला असेल, दादा; जरा पडून राहा," असें मींच त्यांना सांगितलें. वहिनींनीं हाताला तेल चोळलें. रुग्णालयांत पोंचलों तेव्हां दुपार टळून गेली होती. मुलांना जन्मभर शरीरशास्त्राचे धडे देणाऱ्या मास्तराची ही गोष्ट आहे. त्या अवधींत दादांच्या मेंदूंत काय चाललें होतें, हें मीं मागाहून वाचून समजून घेतलें. तेंच आज आपणांपुढें मांडतों.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के. परंतु आपण स्वस्थ बसलों असतांहि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. शिल्लक मात्र त्याच्यापाशीं जवळजवळ नसते. रक्तवाहिनींत गुठळी अडकली कीं त्या भागाचा शिधा तुटतो. अगदीं मधल्या मज्जापेशी कांहीं मिनिटांतच मरतात. भोंवतालच्या पट्ट्यांत मात्र शेजारच्या वाहिन्यांतून थोडें रक्त झिरपत राहतें. तेथील पेशी काम थांबवितात, पण जीव धरून असतात. ग्रहणांतला शब्द उसना घेऊन शास्त्रज्ञ या पट्ट्याला उपच्छाया म्हणतात.

या उपच्छायेंतील प्रत्येक पेशींत दोन निरोपांची झटापट चालते. अडचणींत सांपडलेल्या पेशींतून ग्लूटामेट नांवाचें द्रव्य भरमसाट सांडतें. त्यामुळें शेजारच्या पेशींचीं दारें उघडून आंत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. पेशीला शक्ति पुरविणाऱ्या सूक्ष्म कणिकांचें आवरण फुटतें व त्यांतून सायटोक्रोम-सी हें प्रथिन बाहेर पडतें. एरवीं कणिकेंत राहून निमूटपणें काम करणारें हें प्रथिन बाहेर येतांच मृत्यूचा हुकूम ठरतें. त्याच्या सांगण्यावरून कॅस्पेस नांवाचीं प्रथिनें जागीं होतात आणि पेशीचींच अंगें कातरूं लागतात.

दुसरा निरोप जगण्याचा. १९८२ सालीं डुकराच्या मेंदूंतून एक पोषक प्रथिन वेगळें करण्यांत आलें. तें पेशीच्या बाहेरील अंगास चिकटलें कीं, वर्गांत चिठ्ठी हातोहात पुढें सरकावी तसा संदेश आंत जातो. शेवटीं एक्टी नांवाचें प्रथिन चेततें आणि मृत्यूच्या बाजूच्या प्रथिनांना जखडून ठेवतें. अशा पोषक प्रथिनांपैकीं पहिल्याच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मग हा निरोप बाहेरून धाडतां येणार नाहीं काय? प्रयत्न पुष्कळ झाले. मृत्यूचा निरोप मध्येंच तोडणाऱ्या नेरिनेटाइड या औषधाची परीक्षा १,१०५ रुग्णांवर झाली. २०२० सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकंदर रुग्णांत त्याचा लाभ दिसून आला नाहीं. प्राण्यांत जें साधलें, तें मनुष्यांत साधणें फार कठीण ठरलें आहे.

म्हणून आज मुख्य आधार एकच: रक्त पुन्हा वाहतें करणें. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतात. निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनींतील गुठळी चोवीस तासांपर्यंतहि काढतां येते. पण थांबण्यास ती सबब नव्हे. मोठी वाहिनी बंद झाली असतां दर मिनिटास सुमारें १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ सालीं मांडला गेला आहे.

तेव्हां तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर तत्काळ रुग्णालय गांठा. घड्याळांत वेळ पाहून ठेवा. घरच्या घरीं गोळी देऊं नका, कारण कित्येकदां वाहिनी तुंबलेली नसून फुटलेली असते, व तें छायाचित्रावांचून कळत नाहीं.

दादा वांचले. त्यांनीं मला कधीं दोष दिला नाहीं; तेवढें लांब वाक्य आतां त्यांना जुळवितां येत नाहीं.