जुन्या आवृत्तीची खरेदी

जुनें तें सोनें ही म्हण भांड्यांना आणि दागिन्यांना लागू पडते. संगणकावरील सॉफ्टवेअरला ती कितपत लागू पडते, हा प्रश्न लहान कारखानदारांपुढें आज वारंवार उभा राहतो. नागपूरच्या वायव्येस, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कळमेश्वर हें गांव आहे. भोंवतालीं संत्र्यांच्या बागा आणि गांवालगत औद्योगिक वसाहत. मुलामा दिलेले पोलादी पत्रे तयार करणारा जेएसडब्ल्यू समूहाचा कारखाना येथेंच आहे. अशा वसाहतींत मोठ्यांच्या बरोबरीनें सांगाडे, टाक्या आणि पत्र्याचीं कामें करणारे लहान कारखानेहि नांदत असतात.

समजा, अशा एका लहान कारखानदारास शेड उभारण्याचें काम मिळालें. पाया, सांगाडा, पत्रे, रंग आणि विजेची जोडणी, अशीं हीं पांच कामें. एकाचा विलंब दुसऱ्यास भोंवतो, आणि मुदत चुकली कीं करारांतील दंड बिलांतून वजा होतो. कोणत्या कामास एका दिवसाचीहि सवड नाहीं, हें आधींच कळावें म्हणून तो प्रकल्पाचें वेळापत्रक आंखून देणारें सॉफ्टवेअर घेऊं पाहतो. नव्या आवृत्तीची किंमत किंवा दरमहाचें भाडें ऐकून त्याचें मन कचरतें, आणि कोणीतरी सांगतो, ‘जुनी आवृत्ति घ्या, अगदीं स्वस्त मिळेल.’

हा सल्ला हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. हेन्री गँट यांचे पट्ट्यांचे तक्ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील आहेत. निर्णायक कामांची साखळी शोधण्याची रीति ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनीं १९५७ च्या सुमारास बसविली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ति १९८४ सालची. गणित तेंच राहिलें आहे. पांच कामांच्या शेडचा हिशेब दहा वर्षांपूर्वींची आवृत्तिहि बिनचूक करील. तेव्हां प्रश्न गणिताचा नसून दुसऱ्याच तीन गोष्टींचा आहे.

पहिली गोष्ट आयुष्याची. निर्माता ठराविक मुदतीपर्यंतच आपल्या मालांतील छिद्रें बुजवीत असतो. प्रोजेक्टच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची ही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. २०२१ च्या आवृत्तीची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तर २०२४ च्या आवृत्तीची ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत ठरलेली आहे. मुदतीनंतर सॉफ्टवेअर बंद पडत नाहीं. फक्त त्याची राखण कोणी करीत नाहीं. राखण नसल्याचें मोल काय, हें जून २०१७ मध्यें दिसलें. त्या वेळच्या जागतिक संगणक-हल्ल्यांत मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील मर्स्क समूहाच्या धक्क्याचें काम ठप्प झालें. तेथें दोष विंडोजमधला होता, प्रोजेक्टचा नव्हे. परंतु हल्ला ज्या वाटांनीं पसरला, त्यांपैकीं एका छिद्राची दुरुस्ती त्याच वर्षीं मार्चमध्यें निघालेली होती. जेथें दुरुस्ती निघावयाचीच थांबली, तेथें सावध माणसाचाहि उपाय चालत नाहीं.

दुसरी गोष्ट देवघेवीची. मोठा ग्राहक आपलें वेळापत्रक फाईलच्या रूपानें पाठवितो. नवी आवृत्ति जुनी फाईल बहुधा उघडते. जुन्या आवृत्तीस नवी फाईल उघडेलच असें नाहीं, कारण फाईलची अंतर्गत रचना मधून मधून बदलत आलेली आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वीं ग्राहकाकडून एक नमुन्याची फाईल मागवून ती उघडून पाहावी.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट हक्काची. विकत मिळतो तो वापरण्याचा परवाना. नुसती आंकड्या-अक्षरांची किल्ली म्हणजे परवाना नव्हे. कांहींशे रुपयांत मिळणारी किल्ली पुष्कळदां एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यांतून फुटलेली असते. अनधिकृत प्रत आहे हें ठाऊक असून ती वापरणाऱ्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब अन्वयें ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. करारांतील दंड टाळण्यासाठीं घेतलेली वस्तु कायद्याचा दंड ओढवून आणूं लागली, तर ती स्वस्त कसली?

सरळ मार्गहि आहेत. मायक्रोसॉफ्टच्या घाऊक परवान्यांत नवी आवृत्ति घेऊन तिच्याऐवजीं मागील आवृत्ति वापरण्याचा हक्क मिळतो. गँटप्रोजेक्ट आणि प्रोजेक्टलिब्रे हीं तर विनामूल्य मिळतात, आणि लहान कारखान्याचें बहुतेक काम त्यांवर भागतें.

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं मुलगा, जांवई किंवा भाऊ असा धंदा चालवीत असेल. त्यास सांगावयाचें तें इतकेंच : परवाना पावतीसह हातीं असेल, संगणक इंटरनेटपासून अलग असेल आणि वेळापत्रक आपल्याच कारखान्यापुरतें असेल, तर जुनी आवृत्ति खुशाल वापरावी. यांपैकीं एकहि अट पुरी होत नसेल, तर विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावें, किंवा नव्याची किंमत मोजावी. आणि कोणतीहि आवृत्ति घेतली तरी मुलाम्याला पाठविलेला माल चार दिवस उशिरां येणार आहे, हें तिला आपोआप कळत नाहीं. तें रोज विचारून रोज नोंदवावें लागतें.