दोन इंजिनं, बॅटऱ्या किती?

मालवणपासून मांडव्यापर्यंत दोन आउटबोर्ड इंजिनांची बोट चालवणाऱ्या श्रोत्यांसाठी आजची माहिती. दुसरं इंजिन घेतलं ते पहिलं बंद पडल्यावर किनारा गाठता यावा म्हणून. मग दोन्ही एकाच बॅटरीवर कशाला? प्रत्येक इंजिनाला स्टार्टिंगची स्वतंत्र बॅटरी द्या. दिवे, वायरलेस, फिशफाइंडर तिसरीवर.

बॅटरी स्विचवर १, २, दोन्ही आणि बंद अशा खुणा असतात. ‘दोन्ही’वर ठेवून नांगर टाकलात, तर रात्रभरात दिवे दोन्ही बॅटऱ्या उतरवतात. ती खूण अडचणीच्या वेळेपुरतीच. आणि इंजिन चालू असताना स्विच ‘बंद’वर अजिबात नेऊ नका, चार्जिंगमधले डायोड जळू शकतात.

चार्जिंग वाटायला व्होल्टेज पाहून जोडणारा रिले मिळतो. इंजिन चार्ज करू लागलं, व्होल्टेज साधारण १३.३ वर गेलं, की तो तिसरी बॅटरी जोडतो; १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. कुणाच्याही आठवणीपेक्षा मला हा रिले भरवशाचा वाटतो.

बोटीत साचलेलं पाणी उपसणारा ऑटोमॅटिक पंप मात्र फ्यूज लावून थेट बॅटरीलाच जोडा. धक्क्याला बांधलेल्या, स्विच बंद केलेल्या बोटीतही तो चालला पाहिजे, विशेषतः पावसात.