शाई फुटता कामा नये

या उकाड्यात घरचा पंखा सोडून इथे आलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव 'घरच्या घरी हातकागद व आकर्षक भेटकार्डे' असं छापलं आहे. त्यातला 'घरच्या घरी हातकागद' एवढाच भाग माझा. 'आकर्षक भेटकार्डे' ही कार्यवाहांची भर. (हशा) कार्यवाह स्वतःच हसताहेत, म्हणजे कबुली आली. हॉल भरावा हा त्यांचा हेतू होता, आणि तो भरला आहे. आता दारं लावून घ्या, कारण भेटकार्डांविषयी मी फारसं बरं बोलणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उठायचं असेल त्यांना चहाच्या आत उठता येईल. शाईच्या पेनानं ज्याच्यावर चार ओळी नीट लिहिता येत नाहीत, तो कागद झालेलाच नाही. तो वाळवलेला लगदा आहे. त्यात गुलाबाच्या पाकळ्या घाला, सोनेरी धागे घाला, कडा फाडल्यासारख्या करा. लगदा तो लगदाच.

कागदाचा इतिहास मी सांगत बसत नाही. चीनमधला त्साय लुन, इसवी सन १०५, मग समरकंद, बगदाद, हे तुमचं सगळ्यांचं शाळेत झालेलं आहे. आपल्याकडचंही तुम्हाला ठाऊक आहे: दौलताबादजवळचा कागजीपुरा, जुन्नरचे कागदी, पुण्यात कसब्यातला कागदीपुरा. १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, तिथे मगनवाडीत हातकागद सुरू झाला, १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. मागे गांधीजींची प्रेरणा होती. झालं. आता कामाचं.

घरी कागद करायचा तर पहिला प्रश्न रद्दीचा. वर्तमानपत्राची रद्दी घेऊ नका. हे ऐकून निम्म्या लोकांचा उत्साह मावळतो, कारण घरात तीच असते. पण वर्तमानपत्राचा कागद लाकूड घासून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं, आणि उजेड लागला की पिवळं पडतं. धागाही आखूड. त्यापासून केलेला कागद करडा होतो आणि घडी घातली की मोडतो. गुळगुळीत मासिकंही नकोत, त्यांच्यावर मातीचा लेप असतो. मुलांच्या जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, हिशेबाच्या खतावण्या, कचेरीतले एका बाजूनं छापलेले कागद, हे चांगलं. हातानं फाडायचं, कात्रीनं कापायचं नाही. रात्रभर भिजवायचं आणि भरपूर पाण्यात मिक्सरमधून फिरवायचं. थांबून थांबून फिरवा. मिक्सरचं पातं धागा कापतं, आणि आपल्याला तो कापायचा नसतो, त्याची टोकं विंचरून सोडायची असतात. कागद गोंदानं धरत नाही, मंडळी. ओले धागे एकमेकांवर पडतात, पाणी निघून जाताना एकमेकांना धरतात, आणि सुकले की सोडत नाहीत. टोकं जितकी सुटलेली तितकी पकड घट्ट. म्हणून जुने कागदी लगदा पायानं चालणाऱ्या मुसळांखाली कुटत. मिक्सर ही आपली तडजोड आहे. आणि मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. हे मी घरातल्या शांततेसाठी सांगतोय, कागदाच्या नाही. (हशा)

एकाच मापाच्या दोन चौकटी लागतात. एकीला मच्छरजाळी ताणून ठोकायची, दुसरी नुसती, ती जाळीवर बसवायची. मोठ्या टबात पाणी, त्यात लगदा, हातानं ढवळायचं. चौकट उभी बुडवायची, तळाशी आडवी करायची, सरळ वर उचलायची. पाणी गळत असतानाच एकदा डावी-उजवीकडे आणि एकदा मागे-पुढे हलवायची, म्हणजे धागे दोन्ही दिशांनी पडतात. गळणं थांबलं की हात थांबला पाहिजे. त्यानंतर हलवलं तर भोक पडलंच म्हणून समजा. वरची चौकट काढा, जाळी ओल्या पंच्यावर पालथी घाला, मागून स्पंजानं टिपा आणि एका कडेनं उचला. पान पंच्यावर राहतं. अशी पानं पंच्यांत एकावर एक घालून दोन पाटांच्या मध्ये दाबायची, मग काचेवर चिकटवून वाळवायची. कागदी लोक गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवत.

किती रद्दी लागते, असं विचारतात. दुकानातला ८० ग्रॅमचा ए-फोर कागद हातात घ्या. त्याचं वजन जवळजवळ ५ ग्रॅम भरतं. त्याच्या निम्म्या मापाचं पत्राचं पान, थोडं जाड, १२० ग्रॅमचं धरलं तर पावणेचार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या रद्दीत पंचवीसेक पानं निघतात. उरलेला लगदा मोरीत ओतू नका. गाळून गोळे करून वाळवा, पुढच्या वेळी भिजवता येतात. मोरी तुंबली की सोसायटीचे सेक्रेटरी हातकागदाच्या चळवळीला कायमचे मुकतात.

आता कापड. रद्दीच्या कागदाला ताकद नसते, कारण धागा आधीच एकदा कुटून झालेला असतो. त्यात चौथा हिस्सा सुती कापडाचा लगदा घातला की कागदाचा स्वभाव बदलतो. पण सुती कापड मराठी घरात मोकळं कधी होतं? जुनं लुगडं गोधडीला जायचं. धोतराची दुपटी व्हायची. जे गोधडीतही बसत नसे ते पोतेरं, आणि पोतेऱ्यातूनही सुटलं तर वाती. त्याच्याही आधी दारात बोहारीण उभी.

बोहारणीबद्दल थोडं बोलतोच, कारण इथल्या निम्म्या लोकांनी ती पाहिलेली नाही. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, काखेत कपड्यांचं गाठोडं. आमच्या वाड्यात ती आली की आजी खुर्ची घेऊन बसायची, जणू न्यायालय भरलं. बोहारीण कपडा घ्यायची, बाहीत हात घालून आतून ताणायची, काखेची शिवण बघायची, मग दोन्ही हातांनी उन्हाकडे धरायची. एकदा आजी म्हणाली, "अगं, दोन दोन लुगडी देतेय आणि ही एवढीशी वाटी?" बोहारीण म्हणाली, "आजी, लुगडं उन्हात धरा तर खरं. पलीकडचं लिंबाचं झाड मोजता येतंय." (हशा) आजीनं धरून पाहिलं. म्हणाली, "झाड दिसतंय, पण पानं मोजता येत नाहीत." (हशा) सौदा चाळणीवर मिटला. टेरिकॉटची पँट आली की मात्र बोहारणीचा चेहरा खुलायचा, लगेच डबा निघायचा. विटलेल्या सुती कापडाला तिच्याकडे भाव नव्हता. आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच. दहा वर्षं धुतलेलं धोतर. धुण्याच्या प्रत्येक आपटण्यानं त्याचा धागा आधीच कुटलेला आहे. आजी-बोहारणीच्या या खटल्यावर मी अजून…

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'दहा मिनिटे'. (हशा) थांबा, बघू दे. मिलचा कागद आहे, शाई फुटलेली नाही, पण लिहिलंय बॉलपेननं. त्यावर येतोच.

कापडाचं उरकतो. युरोपातल्या कागदगिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चिंध्यांवरच जगत होत्या. चिंध्या पुरेनात तेव्हा लोक लाकडाकडे वळले, १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलरनं लाकूड घासून लगदा केला, आणि तिथून आपली पिवळी पडणारी वर्तमानपत्रं आली. घरी कापड घेताना एक सूत जाळून बघा. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला की बोहारणीला द्या. सुती कापडाचे नखाएवढे तुकडे करा, धुण्याच्या सोड्यात दोन-तीन तास उकळा, धुवा, खलात कुटा, मगच मिक्सर. सरळ घातलं तर सूत पात्याभोवती गुंडाळून मोटर जाते. जळगावकडचं कोणी असेल तर केळीच्या सोपटालाही हीच रीत. उकळायचं, कुटायचं, धुवायचं.

तर, कागद वाळला. काचेवरून सोलून काढला. पांढरा आहे, कडा छान आहेत. शंभरातले नव्वद लोक इथे थांबतात, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे. त्या कागदावर शाईचा एक थेंब टाका. थेंबाला पाय फुटतात. पूर्वी शाळेत असायचा तो टीपकागद म्हणजे काय? खळ न घातलेला कागद. तुम्ही दोन दिवस खपून टीपकागद केलेला असतो.

(श्रोत्यांतून: आमच्या कागदावर तर छान लिहिता येतं.)

ताई, कशानं लिहिता? बॉलपेननं ना? बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट, ती कुठेच पसरत नाही. बॉलपेन हा लाच खाणारा परीक्षक आहे, तो सगळ्यांना पास करतो. (हशा) कचेरीच्या रद्दीत गिरणीनं घातलेल्या खळीचा अंश उरलेला असतो, तेवढ्यावर तुमचा कागद थोडा तग धरत असेल, हे मी मान्य करतो. पण एकदा शाई भरून लिहून बघा. नाही, रागावू नका. तुमच्या मंडळाची कार्डं मी बाहेरच्या टेबलावर पाहिली, काम नेटकं आहे. पण त्या झेंडूच्या पाकळ्या! पाकळी वर्षभरात तपकिरी होते, भोवती डाग धरते, आणि निब तिथे अडखळतो. म्हणून कार्डाच्या आत पुन्हा मिलचा पांढरा कागद चिकटवावा लागतो. तुम्हीही चिकटवला आहे. (हशा, टाळ्या) म्हणजे लिहायला मिलचा आणि बघायला आपला. हे मला सोसत नाही.

लिहायलाही हातकागदच होता तेव्हाचे पेशवे दफ्तराचे रुमाल पुराभिलेखागारात आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यातला घोटलेला, म्हणजे कवडीनं किंवा दगडानं घासून गुळगुळीत केलेला कागद उजेडात तिरका धरला तर त्यावर बारीक रेघा दिसतात, सरळ, एकमेकींना लागून. त्या घोटणाऱ्याच्या हाताच्या. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो, बोरू ओळभर पळतो. खरखरीत, शाई पिणाऱ्या कागदावर तो पळणार कसा? माझं तर असं मत आहे, आणि लिपीचे जाणकार इथे असतील तर त्यांनी नंतर मला धरावं, की मोडीच्या वेगाचं निम्मं श्रेय घोटणाऱ्याला दिलं पाहिजे. लिहिणाऱ्या चिटणीसांची नावं आपण पाठ करतो. घोटणाऱ्याचं एक नाव कोणाला सांगता येईल?

हो, हो, पाच मिनिटं. दिसली चिठ्ठी.

खळ. साडीला घालतो तीच, पण पातळ. एक वाटी पाण्याला एक चमचा मैदा किंवा तांदळाची पिठी. गार पाण्यात कालवून मग शिजवा, पारदर्शक होऊ द्या, फडक्यातून गाळा. तुरटी घालतात. मी घालत नाही. तुरटीचं आम्ल कागदाला आतून खातं, आज नाही, तुमच्या नातवंडांच्या वेळी. कागद पूर्ण वाळलेला हवा. मऊ फडक्यानं खळ एका बाजूला, वाळली की दुसऱ्या बाजूला. दोरीवर टाका.

(श्रोत्यांतून: झुरळं लागतात त्याला.)

लागतात. कसरही लागते. पूर्वी पोथ्यांना हरताळ लावत, पण त्यात आर्सेनिक असतं, घरात नको. वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि कोरड्या जागी ठेवा. काका, झुरळांना आवडतो म्हणजे माल अस्सल आहे. (हशा)

मग घोटाई. गुळगुळीत फळी, तिच्यावर कागद, हातात मोठी कवडी किंवा अकीक. नसेल तर नदीतला गुळगुळीत गोटा. स्टीलचा चमचा काळा माग सोडतो. कागद किंचित दमट हवा, पार कोरडा असला तर कवडी घसरते आणि काम होत नाही. आधी उभं, मग आडवं, जोर सारखा. सुरुवातीला खरखर असा आवाज येतो, मग हळूहळू बदलत जातो आणि कवडी चिवचिवायला लागते. तो आवाज आला की ती जागा झाली, पुढे सरका. एका पानाला पंधरा मिनिटं लागतात. पाकिटं करायची असतील तर घोटण्याआधी घड्या घालू नका, घडीवर कवडी फिरली की कागद तुटतो. पाकिटाला चिकटवायलाही तीच खळ, जरा घट्ट. वही शिवायची तर सुती दोऱ्यानं, पिन मारू नका, गंजते.

निळी टोपी, मागच्या रांगेत, आपण हात वर केला होता. एवढी मेहनत करून लिहायचं कोणाला? प्रश्न चांगला आहे, पण अध्यक्ष उभे राहिले आहेत आणि माइकवाल्याला पुढच्या लग्नाला जायचंय. (हशा) मी खाली टेबलापाशी थांबतो. दोन पानं आणली आहेत, एक घोटलेलं, एक न घोटलेलं, दौतही आहे. एकेकानं या, आणि कृपा करून बॉलपेन काढू नका.

(टाळ्या)