नवकल्पनांच्या दालनाची आखणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्या, विवाह अथवा व्यवसाय यांविषयी विचार मांडले जातात. आमचा आजचा विषय किंचित निराळा आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण-तरुणी दूरसंचार व संगणक या क्षेत्रांत नोकरी करतात. आवाज दूर पोचवण्याच्या तंत्रासंबंधी त्या क्षेत्रात मोठमोठ्या परिषदा भरतात, आणि नव्या कल्पना मांडण्याकरिता त्यांत एक स्वतंत्र दालन राखलेले असते. अशा दालनाची आखणी करण्याचे काम उद्या आपल्यापैकी कोणाच्याही मुलाकडे वा मुलीकडे येईल. यंत्रविद्येत आम्हांस गती नाही. परंतु मागच्या बाकावरील मुलाचे उत्तर शांतपणे ऐकून घेणे हे काम आम्ही नोकरीभर केले. त्याच दृष्टीने चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त भव्य प्रदर्शन भरले होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे त्यावेळी एकोणतीस वर्षांचे असून बोस्टन येथे बधिरांना बोलावयास शिकवणारे शिक्षक होते. दूरध्वनीचे पेटंट त्यांना त्याच वर्षी ७ मार्च रोजी मिळाले होते. परंतु प्रदर्शनात विद्युत्-उपकरणांच्या नोंदणीची मुदत टळून गेलेली! अखेर त्यांचे भावी श्वशुर गार्डिनर हबर्ड यांच्या खटपटीने मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणविभागात, सज्जाच्या एका कोपऱ्यात, त्या यंत्रास जागा मिळाली. विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या; त्यामुळे बेल यांचे पाऊलही शाळेतून निघेना. त्यांच्या वाग्दत्त वधूने आग्रह करून त्यांना आगगाडीत बसवले.

२५ जून रोजी परीक्षकमंडळ पाहणीस आले. दिवस रविवारचा आणि उकाडा विलक्षण. थकलेले परीक्षक बेल यांच्या यंत्राकडे न वळताच पाहणी आटोपती घेतील, असा रंग दिसू लागला. तोच ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी बेल यांना ओळखले. थोड्याच दिवसांपूर्वी बोस्टन येथे बधिरांच्या शाळेत त्यांची भेट झाली होती. सम्राट थांबले, म्हणून मंडळही थांबले. बेल यांनी सज्जाच्या दुसऱ्या टोकास जाऊन शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातील स्वगत म्हटले, आणि इकडे सम्राटांनी व सर विल्यम थॉमसन यांच्यासारख्या विख्यात शास्त्रज्ञाने ते स्वतःच्या कानांनी ऐकले. पुढील कीर्ती सर्वांस ठाऊकच आहे.

ही कथा बेल यांच्या गौरवार्थ नेहमी सांगितली जाते. आम्हांस मात्र तीत प्रदर्शनाच्या व्यवस्थेचा दोष दिसतो. आपल्या भाषेत ज्यास आपण वशिला म्हणतो, तो बेल यांना दुहेरी लाभला: एक श्वशुरांचा आणि दुसरा सम्राटांचा. ज्यास असे श्वशुर नाहीत आणि ज्याची कोणा सम्राटाशी ओळख नाही, त्याने काय करावे? नवकल्पनांचे दालन या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आखले पाहिजे. जे यंत्र योगायोगावाचून ऐकले गेले नसते, त्यास योगायोगावाचून ऐकवण्याची सोय करणे, हेच त्या दालनाचे खरे प्रयोजन होय.

ही सोय कशी व्हावी? पहिली गोष्ट, काही जागा अगदी आरंभीच नवख्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि अर्ज वाचताना संस्थेचे व अर्जदाराचे नाव झाकून ठेवावे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो, त्यातला हा न्याय आहे. एखादी वस्तू ठरलेल्या कोणत्याच विभागात बसत नसेल, तर तेवढ्यावरून ती परत पाठवू नये. दूरध्वनी शिक्षणविभागात ठेवावा लागला होता, हे स्मरावे.

दुसरी गोष्ट, भाषणापेक्षा प्रात्यक्षिकास अधिक वेळ द्यावा आणि सर्वांची कसोटी सारखीच असावी. आजकाल आवाजाचे बारीक तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून धाडतात. काही तुकडे वाटेत गळतात, काही उशिरा पोचतात. बोललेला शब्द पलीकडे पोचण्यास १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक विलंब शक्यतो लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. विलंब फार वाढला की माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. आवाजाची प्रत ठरवण्यासाठी श्रोत्यांकडून १ ते ५ असे गुण घेऊन त्यांची सरासरी काढण्याची पद्धतही रूढ आहे. तेव्हा शांत, सजवलेल्या खोलीतच नव्हे, तर गलबल्यात आणि दुबळ्या जोडणीवरही प्रत्येकाचे यंत्र चालवून पाहावे, आणि परीक्षकांनी ते स्वतः कान लावून ऐकावे.

तिसरी गोष्ट, टाळ्यांस भुलू नये. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोलणाऱ्याचे चित्र दाखवणारा ‘पिक्चरफोन’ लोकांनी कुतूहलाने पाहिला. १९७० साली पिट्सबर्ग येथे त्याची सेवा सुरू झाली. भाडे महिना १६० डॉलर! ग्राहक फारच थोडे मिळाले आणि काही वर्षांतच ती सेवा बारगळली. कल्पना खोटी नव्हती. आज खिशातल्या फोनवर आजी परदेशीच्या नातवाचे मुख पाहते. परंतु “हे कोणास व किती खर्चात परवडेल?” हा प्रश्न दालनातच विचारला जावयास हवा.

चौथी गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. यंत्रास माणसाचे बोलणे समजावे, असे प्रयत्न आज चालू आहेत. वाणीसंशोधनाची ‘इंटरस्पीच’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ साली हैदराबाद येथे भरली, तेव्हा भारतीय भाषांकरिता ठेवलेल्या स्पर्धेत तेलुगू, तमिळ व गुजराती या भाषा होत्या. २०२१ सालच्या तशाच एका स्पर्धेत मराठीचाही समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मराठी म्हणजे केवळ पुस्तकी मराठी नव्हे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांचे, दात पडलेल्या वृद्धांचे आणि कधी शाळेत न गेलेल्या माउलीचे बोलणे यंत्रास कळत नसेल, तर उद्या बँकेत, दवाखान्यात व कचेरीत हीच माणसे मुकी ठरतील. म्हणून प्रत्येक प्रयोगकर्त्यास विचारावे, “आपण कोणाकोणाचे आवाज घेऊन चाचणी केली?” या प्रश्नास गुण ठेवले, म्हणजे उत्तर शोधणारेही निर्माण होतील.

बंधुभगिनींनो, आपल्यासारख्या संस्था ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचे म्हणणे पुढे यावे म्हणूनच उभ्या राहिल्या. तोच न्याय या नव्या क्षेत्रात लागू करावयाचा आहे. आपल्या मुलांना मोठ्या परिषदांत मानाच्या जागा मिळोत, ही आमची इच्छा आहेच. परंतु त्या जागी बसल्यावर त्यांनी दाराशी ताटकळणाऱ्या अनोळखी माणसास आत बोलवावे आणि आपल्या वेळातील दहा मिनिटे त्यास द्यावीत, ही इच्छा त्याहून मोठी आहे. ज्या परिषदेचा विषयच मानवाची वाणी आहे, तेथे तरी कोणाचे बोलणे अनसुने राहू नये.