लहान राहण्याचे बक्षीस



शासनाचा हेतू शुद्ध असला की धोरणही हितकर ठरते, असा आपल्याकडे एक समज रूढ आहे. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याच्या धोरणाचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे.

१९५५ साली पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योगांच्या संरक्षणाचा पुरस्कार केला. थोड्या भांडवलात अनेक हातांना काम मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. पं. दीनदयाळजींनीही विकेंद्रित अर्थव्यवस्थेचाच आग्रह धरला होता. तेव्हा त्या दृष्टीशी भांडण असण्याचे कारण नाही. १९६७ मध्ये ४७ वस्तू राखीव झाल्या. जनता सरकारच्या १९७७ च्या औद्योगिक धोरणाने ही यादी पाचशेच्या वर नेली (त्या सरकारात पूर्वाश्रमीचे जनसंघीयही होते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल). पुढे ती आठशेच्याही पलीकडे गेली.

संरक्षणाची रीत मात्र विपरीत होती. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक ठराविक मर्यादेच्या आत असेल तोवरच कारखाना ‘लघु’. म्हणजे चांगला धंदा करून नवे यंत्र आणणाऱ्याने, निर्यातीचे जाचक बंधन पत्करल्याखेरीज, राखीव मालाचे उत्पादन वाढवायचे नाही! साहजिकच कर्तबगार मालक कारखाना वाढवण्याऐवजी भावाच्या वा पत्नीच्या नावे दुसरी पाटी लावू लागला. १९९७ मध्ये ही मर्यादा तीन कोटी रुपये झाली आणि १९९९ मध्ये पुन्हा एक कोटीवर आली. अशा लहरीवर कोणता उद्योजक दहा वर्षांचा बेत आखेल?

सर्वांत मोठी हानी तयार कपड्यांच्या धंद्यात झाली. अल्पशिक्षित स्त्री-पुरुषांना लाखोंच्या संख्येने सामावून घेणारा हा उद्योग. दक्षिण कोरियाने औद्योगिक प्रगतीच्या आरंभी त्याचा आधार घेतला. बांगलादेशाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आरंभ करून मोठमोठे कारखाने उभारले. भारतात कापूस होता, कारागीर होते. परंतु हे क्षेत्र खुले व्हायला २००१ साल उजाडले. आज या निर्यातीत बांगलादेश भारताच्या कितीतरी पुढे आहे.

स्वदेशीचा विचार करणाऱ्यांना अधिक सलावी अशी गोष्ट पुढेच आहे. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधने उठली, तेव्हा शेकडो वस्तू अजून राखीवच होत्या. परदेशातील अवाढव्य कारखान्याचा माल भारतात विकता येत होता. तोच माल करण्यासाठी भारतीयाने मोठा कारखाना काढणे मात्र निषिद्ध! हे संरक्षण नेमके कोणाचे?

अखेरच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मुक्त झाल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, काचेच्या बांगड्या, कुलुपे, स्टीलची भांडी. आरक्षण जाताच रोजगार बुडेल, ही भीती दीर्घकाळ घातली जात होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलटेच आढळले : ज्या जिल्ह्यांत मुक्त झालेल्या वस्तूंचे उत्पादन अधिक होते, तेथे रोजगाराची वाढही अधिक झाली. लहान कारखानदाराचे खरे दुखणे वेगळेच आहे. त्याला वेळेवर कर्ज हवे, अखंड वीज हवी आणि पुरवलेल्या मालाचे पैसे हवेत. पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. त्याच्या वसुलीसाठी तो आजही खेटे घालतो आहे.