कृष्णाकाठची वाई



वाईचा इतिहास आम्ही बखरींतून शोधतो. पण त्याची काही पाने कृष्णेच्या काठी दगडांत उघडी पडली आहेत. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली नदीकाठी ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोहों बाजूंनी निघून जातो. नदीला अडवण्याचा हट्ट त्या कारागिरांनी धरला नाही, तिला वाट करून दिली.

तेथून जवळच मेणवलीस नाना फडणीसांचा वाडा व घाट आहे. घाटावरील देवळापाशी टांगलेली घंटा पोर्तुगीज आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर ती मराठ्यांच्या हाती आली. परधर्माची खूण कोणी पुसली नाही, हे आम्हांस मोलाचे वाटते.

या वास्तूंस आम्ही नमस्कार करतो, पण त्यांचे ऐकतो का? नदीकाठी नवी भिंत घालताना आम्ही आधी पुराची वाट पाहून घेतो का? एवढा एक प्रश्न घेऊन आपण घरी जावे, इतकीच आमची विनंती आहे.