वर्गणीचा चित्रपट



चित्रपटावर बोलावयास चित्रपटवाल्यास न बोलाविता चालकांनी एका कामगार-संघटकास का बोलाविले, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आमच्याही मनात आला होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि मोर्चात. कॅमेऱ्याची कला आम्ही आपणांस काय सांगणार? परंतु विषय आहे 'मित्रांच्या साहाय्याने केलेला स्वतंत्र माहितीपट', आणि त्यातला 'मित्रांच्या साहाय्याने' एवढा भाग मात्र आमच्या धंद्यातला आहे. पाच-पाच, दहा-दहा रुपये गोळा करून एखादी गोष्ट उभी करावयाची, याखेरीज आयुष्यात आम्ही दुसरे केले तरी काय?

प्रथम 'स्वतंत्र' हा शब्द पाहू. माहितीपट म्हटले की आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना फिल्म्स डिव्हिजन आठवते. १९४८ साली सरकारने ते खाते काढले, आणि पुढे कित्येक वर्षे थिएटरात मुख्य चित्रपटाच्या आधी त्याचा माहितीपट दाखवावाच लागे. त्या खात्याने काही फार चांगले चित्रपट केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा नियम तेथेही होताच. स्वतंत्र माहितीपट म्हणजे जो कोणाच्याच पोळीवर उभा नाही तो, असे पुष्कळ लोक समजतात. आमचे म्हणणे निराळे आहे. पोळीवाचून कोणाचे चालत नाही. ती एका घरची असली की टाळी वाजवावी लागते. शंभर घरची असली की कोणाचीच वाजवावी लागत नाही. संघटना वर्गणीवर का चालवावयाची याचे कारणही हेच आहे.

एक उदाहरण घेऊ. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायणांचे आंदोलन पेटले होते. मुंबईचा आनंद पटवर्धन नावाचा तरुण त्यात कामाला गेला होता. पाटण्यात ४ नोव्हेंबरला मोठा मोर्चा निघावयाचा होता आणि लाठीमार होणार हे दिसत होते, तेव्हा त्याची चित्रे घेऊन ठेवावी असे ठरले. जवळ काही नव्हते. एका मित्राकडे सुपर-८ चा कॅमेरा होता. हा कॅमेरा घरगुती हौसेचा, वाढदिवस-सहलींची चित्रे घेण्याचा. त्यावर मोर्चा घेतला. मग ते चित्र पडद्यावर पाडून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपले. पुढे प्रदीप कृष्ण हे मित्र बरोबर गेले, आणि किल्लीचा जुना बेल अँड हॉवेल कॅमेरा व मुदत उलटून गेलेली फिल्म यांवर उरलेले काम झाले.

किल्लीचा कॅमेरा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. किल्ली पूर्ण दिली की तो अर्धा मिनिट चाले. शंभर फुटांचे रीळ तीन मिनिटांच्या आतच संपे. आणि त्याचा खडखडाट इतका की बोलणाऱ्याचा आवाज चित्राबरोबर घेणे शक्यच नसे. आवाज निराळा घ्यावा लागे आणि मागाहून जुळवावा लागे. असल्या साहित्यावर 'क्रांती की तरंगें' हा अर्ध्या तासाचा चित्रपट झाला. तो होतो न होतो तोच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. उघडपणे दाखविण्याची सोय उरली नाही. तेव्हा एका प्रतीचे तुकडे करण्यात आले आणि ते तुकडे निरनिराळ्या माणसांच्या हाती देशाबाहेर गेले. कॅनडात ते पुन्हा जोडले गेले. आता सांगा, हा चित्रपट कोणी केला? नाव एकाचे आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्याने सामानात एक तुकडा लपवून नेला, त्याचे काम कॅमेरा धरणाऱ्यापेक्षा हलके होते काय?

याच दिग्दर्शकाच्या हातून मैत्रीचा दुसरा एक प्रकारही दिसतो. मुंबईच्या झोपडीवासीयांवरील 'हमारा शहर' या १९८५ च्या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि काही दिवसांतच घोगरे यांनी आपल्या झोपडीत आत्महत्या केली. 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट तेथून सुरू झाला आणि पुरा झाला २०११ साली. चौदा वर्षे! कोणता सावकार, कोणती कंपनी चौदा वर्षे थांबेल? गेलेल्या मित्राचे देणे असेल तरच माणूस इतका थांबतो.

येथवर मैत्रीची स्तुती झाली. आता तिच्याविषयी थोडे कडू बोलावयाचे आहे, आणि ते आम्ही नाही बोललो तर कोण बोलणार?

आमच्या संघटनेतही गेली दोन वर्षे एक माहितीपट चालू आहे. विषय यंत्रमाग. आपल्या गावात त्याचा खडखडाट कोणाला नवीन नाही; आमच्या शेडमध्ये माणूस माणसाशी ओठांच्या हालचालीने बोलतो आणि पन्नाशीला येईतो निम्मा बहिरा होतो. त्या आवाजात मुलाखत घेता येत नाही. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा वीज गेली की चित्रण करावयाचे, असा आमचा क्रम आहे. वीज गेली की मालक कपाळाला हात लावतो आणि आमचे कॅमेरावाले धावत सुटतात.

हे कॅमेरावाले लग्नाचे चित्रण करून पोट भरणारे दोन तरुण आहेत. जुळवणी करणारा मुलगा तिसरा. तिघेही म्हणाले, 'पैसे नकोत, काम आपलेच आहे.' समितीत टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजविली नाही. उभा जन्म किमान वेतन मागण्यात गेला आणि आता आमच्याच कामावर तीन माणसे बिनपगारी रात्रपाळी करणार! मैत्रीच्या नावाने घेतलेली वेठ ही वेठच. पूर्वी धान्याच्या राशीवर वेठ घेत, आता 'ध्येया'वर घेतात. स्वतंत्र चित्रपटांच्या जगात हे फार चालते, आणि त्याचा कोणी हिशेब ठेवीत नाही, हे आम्हांला खटकते.

म्हणून एक वही घातली आहे. कोणी किती तास काम केले आणि बाजारभावाने त्याचे किती झाले, ते तीत लिहावयाचे. आज देता येत नाही ते 'देणे' म्हणून राहील आणि पैसा आला की पहिला त्यांचा. ज्याला आपले देणे सोडावयाचे असेल त्याने आपल्या हाताने तसे लिहून सही करावी. मग ती त्याची वर्गणी. तिघांपैकी दोघांनी अर्धे सोडले आहे, तिसऱ्याने काहीच सोडलेले नाही. त्याची बायको बाळंतपणाला आली आहे. त्याचे बरोबर आहे.

याच सुमारास गावातल्या एका सधन गृहस्थांनी सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखविली. नावसुद्धा नको म्हणाले. फक्त 'एकांगी होऊ देऊ नका' एवढीच सूचना होती. दोन बैठका यावर गेल्या. नको म्हणण्यास जड गेले, कारण तेवढ्या पैशात तिघांची वही त्या दिवशी कोरी झाली असती. शेवटी शेडगणिक डबा फिरवावयाचा असे ठरले. काम हळू चालले आहे.

आता थोडे दूर जाऊ. जो आक्षेप आम्हांवर घेतला जातो की 'तुम्ही कामगारांचे, तुमचा कॅमेरा निःपक्षपाती कसा?', त्याचे उत्तर आम्हांला अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील हार्लन परगण्यात सापडले. तेथे ब्रुकसाइडच्या कोळसा खाणीत १९७३ साली संप झाला. खाणकामगारांनी आपली युनियन निवडली आणि कंपनी करारावर सही करीना. तेरा महिने संप चालला. कोर्टाने खाणीच्या दरवाजावर उभे राहणाऱ्या संपकऱ्यांची संख्या बांधून दिली, तेव्हा त्यांच्या बायका रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. बार्बरा कॉपल ही पंचविशीतली तरुणी थोड्या सोबत्यांसह तेथे गेली आणि खाणकामगारांच्या घरी राहिली. पैसा उसनवारीचा, देणग्यांचा आणि लहानसहान अनुदानांचा. तो संपला की फिल्म संपे.

आणि येथे आम्हांला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट घडली. फिल्म संपलेली असतानाही ती मंडळी रिकामा कॅमेरा खांद्यावर घेऊन पहाटे दरवाजावर जाऊन उभी राहत. कॅमेरा आहे असे दिसले की कंपनीचे बंदूकवाले थोडे आवरत. नेहमी आवरत असे नव्हे: एका पहाटे अंधारात त्यांनी चित्रण करणाऱ्यांवरही हल्ला केला, आणि तो हल्ला चित्रपटात आहे. एक तरुण खाणकामगार पुढे गोळी लागून मेला. त्यानंतरच ऑगस्ट १९७४ मध्ये करारावर सही झाली.

रिकाम्या कॅमेऱ्याने काय चित्र निघणार? काहीच नाही. चित्रपटाच्या हिशेबात ती पहाट फुकट गेली. पण ज्यांच्या घरी भाकरी खाल्ली त्यांच्या बाजूला उभे राहण्याचे काम त्या पहाटे झाले. घरोब्यामुळे सत्य दिसेनासे होते म्हणणाऱ्यांनी तो चित्रपट पाहावा. त्यात संपकरी बायका एकमेकींशी कडाक्याने भांडतानाही दिसतात. परक्यासमोर त्या अशा भांडल्या असत्या काय? १९७६ साली 'हार्लन काउंटी यूएसए' पुरा झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. पण ते सांगण्यासाठी आम्ही तो विषय काढला नाही.

फ्रान्समधले एक उदाहरण सांगून थांबतो. बेझांसाँ या गावी कृत्रिम धाग्याचा रोदियासेता नावाचा कारखाना होता. १९६७ साली तेथे संप झाला. क्रिस मार्कर हे नामवंत दिग्दर्शक मारिओ मारे या सहकाऱ्यासह गेले आणि त्यांनी कामगारांवर चित्रपट केला. १९६८ साली तो कामगारांना दाखविला, तेव्हा कामगारांनी त्यांना धारेवर धरले. तुम्ही आमचे दुःख दाखविलेत, आमचे काम नाही दाखविलेत, म्हणाले. बाया दाखविल्यात त्या नुसत्या कामगारांच्या बायका म्हणून. ज्या स्वतः कामगार आहेत त्या कोठे गेल्या? मार्करांनी ती टीका ध्वनिमुद्रित करून ठेवली, रागावले नाहीत, आणि आपल्या सोबत्यांसह कामगारांना कॅमेरा चालविण्यास व जुळवणी करण्यास मदत केली. कामगारांनी मग आपला गट काढला. पहिल्या चित्रपटात नवऱ्याच्या शेजारी गप्प बसलेली एक बाई पुढच्या, कामगारांनी स्वतः केलेल्या चित्रपटात घड्याळाच्या कारखान्यातली संघटक म्हणून बोलताना दिसते.

हे आम्ही आमच्या समितीत वाचून दाखविले, तेव्हा मागे बसलेल्या कांडीवाल्या बायका हसल्या. आमच्या चित्रणात जॉबर होता, मागवाला होता, वहिफणीवाला होता, दिवाणजीसुद्धा होता; कांडी भरणाऱ्या बायकांचे चित्रण पुढच्या महिन्यात घ्यावयाचे म्हणून ठेविले होते. त्यांतली एक म्हणाली, 'दादा, पुढच्या महिन्यापर्यंत कशाला? फोन माझ्या पोरीकडं हाय.' ती मुलगी अकरावीत आहे. गेले तीन रविवार ती घरोघर जाऊन चित्रण करते आहे. तिच्या नावाचे पान वहीत घातले आहे, आणि तिने आतापर्यंत एक रुपयाही सोडलेला नाही.